खाण उघडण्यापूर्वी काळी-पांढरीची पाहणी



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो सभा-समारंभात सहसा निघत नाही. रस्ते हवेत, घरे हवीत. त्यासाठी मुरूम आणि खडी लागणारच. खाणीवर घण चालवून चूल पेटविणारी माणसेही आपलीच आहेत. म्हणून खाणीला सरसकट विरोध करावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु पहिली कुदळ पडण्यापूर्वी जागेची नीट पाहणी झालीच पाहिजे, हा आमचा आग्रह आहे.

आपल्या पूर्वजांनी गावच्या जमिनीला दोन नावे दिली. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, हाडे आणि पडक्या भिंती मिसळून जुन्या वस्तीची माती पांढुरकी होते. खाणीचा प्रस्ताव आला की मात्र या दोहोंना पुष्कळदा एकच नाव मिळते, 'पडीक'.

प्रथम काळीचा विचार करू. आपल्या पठारावर बहुधा वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा क्रम असतो. खडक झिजून एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती एकदा मुरमात मिसळली की पुन्हा निवडता येत नाही. म्हणून आधी चार-सहा ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्यावेत आणि कोणता थर किती फूट आहे ते नकाशावर लिहावे. वरची माती अलग काढून तिचा कमी उंचीचा ढीग करावा व ती धुपू नये म्हणून त्यावर ताग पेरावा. खाण संपल्यावर खड्ड्यात आधी टाकाऊ मुरूम आणि त्यावर ही माती पसरावी. शेजारच्या विहिरींची उन्हाळ्यातील पातळीही आधीच नोंदवून ठेवावी. पुढे विहीर आटली तर तोच पुरावा कामी येतो.

आता पांढरीकडे वळू. सोपाऱ्यातील एका उंचवट्याला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आत विटांचा स्तूप, दगडी करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. त्याच साली सोपाऱ्यात त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा फुटका तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला. असे दगड खडीच्या यंत्रात गेले असते तर अशोकाची अक्षरे आज एखाद्या रस्त्याखाली असती. असे घडलेलेही आहे. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाखाली खडी म्हणून हडप्प्याच्या विटा टाकल्या गेल्या. ते नगर किती प्राचीन होते हे १९२० नंतरच्या उत्खननांतून कळले. तोवर त्या विटांवरून कित्येक वर्षे गाड्या धावल्या होत्या.

म्हणून पहिल्या पावसानंतर, माती धुऊन निघाली की, त्या रानातून फिरावे. खापरे, जुन्या विटा, राखेचे पट्टे, वीरगळ किंवा खडकात कोरलेले पाण्याचे टाके दिसले तर काहीही हलवू नये. जागा लिहून, छायाचित्र काढून तहसीलदारांना व पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावे. गुरे राखण्यात आयुष्य गेलेल्या वृद्धांना विचारावे; त्यांना माळाची खडान्‌खडा माहिती असते.

आणखी एक गोष्ट. अनेक गावांत आपल्या वस्तीची मयतीची जागा माळावरच असते आणि सातबाऱ्यावर तिची नोंद नसते. ज्या माळावर आपण आजा-आजीला मूठमाती दिली, तो माळ कागदावर मोकळा दिसतो.

कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. १९९२ च्या अधिसूचनेतील ही मर्यादा २०१० साली कायद्यातच आली. २०१२ साली दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरहून लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. पण जी जागा कोणत्याच यादीत नाही तिची बाजू कोण मांडणार? ती आपणच मांडली पाहिजे.

आमची विनंती एवढीच की, प्रत्येक गावातील तरुणांनी वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन आपल्या शिवाराचा नकाशा काढावा. त्यात विहिरी, जुनी पांढर, मयतीच्या जागा आणि चांगली माती दाखवावी. तो ग्रामसभेत वाचून त्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. हे काम खाणीचा अर्ज येण्याच्या आधीचे आहे. मंजुरी मिळाल्यावर केलेल्या तक्रारीला फारसे बळ उरत नाही. आधी सांगितले तर खाण शंभर पावले पलीकडे नेता येते, मजुरीही बुडत नाही. पांढर मात्र हलवता येत नाही.