ट्रॅक्टरचा सेल्फ जड फिरतोय? नवी बॅटरी घेण्याआधी केबल तपासा



आज पिकाबद्दल किंवा औषधाबद्दल बोलायचे नाही. विषय आहे ट्रॅक्टरचा सेल्फ. तुम्ही म्हणाल, हे तर मेकॅनिकचे काम! पण द्राक्षाच्या पट्ट्यात आज फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर चालते. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, तर डावणी वाट पाहत नाही. त्या पहाटे ट्रॅक्टर चालू होण्यात दोन तास गेले, तर ते नुकसान बागेचे असते.

पुढे डिसेंबर-जानेवारीत थंडी येते. निफाडची थंडी तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा पहाटे किल्ली फिरवली की सेल्फ ‘घर्र… घर्र…’ करीत जड फिरतो, सायलेन्सरमधून थोडा पांढरा धूर येतो आणि इंजिन काही पेटत नाही.

असे का होते? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. इंजिन सावकाश फिरले तर हवा रिंगांच्या फटीतून निसटते, तिची उष्णता थंड लोखंड शोषून घेते. मग डिझेल पेटणार कसे? त्यात थंडीने ऑइल घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो. म्हणजे वेग सर्वांत जास्त हवा, तेव्हाच तो सर्वांत कमी मिळतो.

अशा वेळी आपण काय करतो? पहिली शंका बॅटरीवर घेतो आणि काही हजार रुपये घालून नवी आणतो. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. कारण पुष्कळदा दोष बॅटरीत नसतो, सेल्फमध्येही नसतो. दोष असतो दोघांच्या मधल्या केबलमध्ये, तिच्या टोकांत आणि अर्थमध्ये.

विहिरीवर मोटर ५ हॉर्सपॉवरची आणि पाइप एक इंची, असे कोणी करील का? विजेचेही तसेच आहे. जुना १०० वॅटचा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही. ट्रॅक्टरचा सेल्फ मात्र फिरताना २०० ते ४०० अँपिअर ओढतो. समजा ३०० अँपिअर आहेत आणि लाल व काळी केबल मिळून लांबी ३ मीटर आहे. तांब्याची केबल १६ चौरस मिलिमीटरची असेल, तर सुमारे १ व्होल्ट वाटेतच जिरतो. तीच केबल ५० चौरस मिलिमीटरची असेल, तर जेमतेम पाव-अर्धा व्होल्ट जातो. एखादे टोक गंजलेले असले, तर ते एकटेच एक-दोन व्होल्ट खाऊन टाकते. बारा व्होल्टांत ही घट फार मोठी आहे.

आपल्या बागांत टोके गंजायला निमित्तही भरपूर. फवाऱ्याचे तुषार, मोरचूद, गंधक, धूळ आणि बॅटरीतल्या आम्लाची वाफ, सारे त्याच जागी बसते.

आता तपासणी कशी करायची ते ऐका. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. गिअर न्यूट्रल करा, पीटीओ बंद ठेवा आणि डिझेल बंद करण्याची दांडी ओढून ठेवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. एकाने सीटवर बसून सेल्फ मारावा, दुसऱ्याने मीटर पाहावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी.

पहिले माप: इंजिन बंद असताना बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर १२.४ किंवा अधिक व्होल्ट हवेत. कमी असतील तर आधी चार्जिंग करून घ्या.

दुसरे माप: सेल्फ फिरत असताना त्याच खुंटांवर पाहा. साडेनऊच्या खाली जात असेल, तर बॅटरीवर शंका घ्या; क्वचित सेल्फ किंवा इंजिनच जड असते.

तिसरे माप: मीटरची एक तार बॅटरीच्या अधिक खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर लाल केबल किंवा तिची टोके दोषी आहेत.

चौथे माप: उणे खुंट आणि इंजिनची उघडी धातू. इथे पाव व्होल्टच्या आसपास ठीक. जास्त दिसले तर अर्थ खराब.

मीटर नसेल तर सेल्फ मारून किल्ली काढा आणि केबलची टोके जपून चाचपा. जे टोक गरम लागेल, दोष तिथेच.

दोष सापडला की दुरुस्ती सोपी आहे. हातातली अंगठी, कडे काढून ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. प्रथम काळी केबल सोडा, मग लाल. जोडताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. खुंट आणि क्लॅम्प पॉलिश पेपरने चकचकीत करा. अर्थचा बोल्ट जिथे बसतो तिथला रंग खरवडून काढा. सर्व घट्ट आवळा आणि त्यानंतरच वरून व्हॅसलीन लावा.

केबल बदलायची झाली तर बारीक तारांची, लवचिक, तांब्याची घ्या. कापून आत पाहा. पांढरी दिसली तर ती ॲल्युमिनियमची, ती नको. टोकाला लग मशीनवर दाबून घ्यावा. हातोडीने ठोकलेला लग लवकरच सैल होतो. अनेक जण लाल केबल नवी घालतात आणि काळी जुनीच ठेवतात. वीज दोन्हींतून तितकीच वाहते, म्हणून दोन्ही सारख्या जाडीच्या हव्यात. काळीचे टोक थेट इंजिनवर, सेल्फजवळ बसवा. लाल केबल पत्र्याला घासू देऊ नका, सायलेन्सरपासून दूर ठेवा. तिला बहुधा फ्यूज नसतो. घासली तर आग लागू शकते.

एवढे करूनही सेल्फ जड राहिला, तर सेल्फचे बुश आणि इंजिन ऑइलचा ग्रेड मेकॅनिकला दाखवा. थंडीत चालू करताना क्लच दाबून धरावा, भार हलका होतो.

शेवटची गोष्ट मात्र सर्वांत महत्त्वाची. सेल्फ साथ देत नाही म्हणून काही जण चाकापाशी उभे राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे बोल्ट जोडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चालू होताच पुढे झेपावतो आणि माणूस चाकाखाली जातो. काही जण ट्रॅक्टर उतारावरच उभा ठेवतात, तेही धोक्याचे. आपल्या मुलांना, ड्रायव्हरला हे निक्षून सांगा. दोन केबलींचा खर्च माणसाच्या जिवापुढे काहीच नाही.

तर मंडळी, ऑक्टोबर छाटणीच्या आधी एक सकाळ काढा आणि ही चार मापे घेऊन टाका.