आहार, रक्त आणि आपल्या मुली
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शेगडीत कोळसा भरपूर घातला, पण वारा लागू दिला नाही, तर ती नुसती धुमसत राहते. आपल्या शरीराचेही तसेच आहे. भात-भाकरीतील पिष्टमय पदार्थ आणि डाळ-मांसातील प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४, तर तेल-तुपाच्या एका ग्रॅमपासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. भात-भाकरी पचून तिची साखर बनते, ती रक्तावाटे पेशीपेशीत जाते आणि तेथे प्राणवायूच्या साहाय्याने तिचे मंद ज्वलन होते. चयापचय म्हणतात त्यातील ही एक मुख्य क्रिया.

हा प्राणवायू पोहोचवतो कोण? रक्तातील हिमोग्लोबिन, आणि ते लोहाशिवाय तयार होत नाही. म्हणूनच पोटभर जेवणारी मुलगीसुद्धा जिना चढताना धापा टाकते, वर्गात पेंगते आणि आपण तिला आळशी ठरवून मोकळे होतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. मुलींचे रक्त पाळीत जाते हे खरे. पण त्याची भरपाई ताटातूनच व्हायला हवी. आपल्या किती घरांत मुलगी सर्वांना वाढून शेवटी जेवते? कलेजी आणि मटणाचे तुकडे संपलेले असतात. तिच्या वाट्याला रस्सा उरतो.

मांस-मासळीतील लोह शरीर सहज शोषून घेते, डाळी-पालेभाज्यांतील कमी. मात्र डाळीवर लिंबू पिळले, जेवणासोबत आवळा किंवा पेरू खाल्ला, तर तेही अधिक अंगी लागते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो. इफ्तारीनंतरचा चहासुद्धा तासाभराने घ्यावा. यासाठी जादा पैसा लागत नाही.

मुलीचे रक्त तपासून घ्या. या वयात १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शाळेत आठवड्यातून एकदा देतात ती निळी गोळी लोहाची असते. ती जेवणानंतर घ्यावी. शौचास काळे झाले तर घाबरू नये. अफवा ऐकून गोळी फेकू नये, शंका डॉक्टरांना विचारावी.

बंधुभगिनींनो, मुलीला शाळेत पाठवून आपण निम्मे कर्तव्य केले. फळ्यावरचे तिच्या डोक्यात शिरायचे असेल, तर डोक्यापर्यंत प्राणवायू पोहोचला पाहिजे. आज रात्री तिला सर्वांबरोबर जेवायला बसवा आणि कलेजीचा तुकडा आधी तिच्या ताटात वाढा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.