टाळ्या विरल्यानंतर

नाटक संपलं तरी त्याची संहिता उरते. गवयाचं गाणं तबकडीवर उरतं. जादूगाराचा प्रयोग संपला की काय उरतं? त्याचं शास्त्रच असं, की खरी गोष्ट कुठे लिहून ठेवायची नाही. म्हणून जादूचा इतिहास शोधायचा तर तो कागदांत शोधावा लागतो. रंगीत भित्तिपत्रक, हँडबिल, तिकिटाचं अर्धुक, प्रयोगाची कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातलं कात्रण. नशीब असेल तर एखादा पेटारा, एखादी पितळी नळी. या वस्तू जमवण्याच्या छंदाविषयी आज बोलायचं आहे.

हा छंद जगभर आहे, आणि त्याचा मोठा उपासक म्हणजे खुद्द हॅरी हुदिनी. बेड्या तोडणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण तो जादूवरची पुस्तकं आणि जाहिराती झपाटल्यासारख्या जमवायचा. १९२६ साली तो वारला आणि पुढच्याच वर्षी त्याची पुस्तकं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात गेली. अमेरिकेतच मिशिगन राज्यातल्या मार्शल या लहानशा गावात १९७८ साली रॉबर्ट लुंड यांनी आपल्या संग्रहातून जादूचं संग्रहालय उघडलं.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं. आमच्या ताथवड्याच्या परिसरात जमवण्यासारखं काय आहे? इथे कारखाने, महाविद्यालयं, उंच इमारती आणि वाहनांची रांग. तर ऐका. इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर चाकणजवळ आंबेठाण आहे. महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी ज्यांचे प्रयोग डोळे विस्फारून पाहिले ते जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे, १९२४ साली याच गावात जन्मले. देशोदेशी प्रयोग केले, 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिलं, आणि १९८४ साली ते गेले. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी तीच विद्या चालवली. आज चाकणच्या वसाहतीत रोज हजारो माणसं कामावर जातात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की शेजारच्या गावचा मुलगा जादूची पेटी घेऊन जग फिरून आला?

आता दुसऱ्या दिशेला, लोणावळ्याकडे चला. वाटेत मळवलीला राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना होता. या छापखान्यासाठी काम केलेल्या आणि पुढे लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढलेल्या एका माणसाला जादूचाही नाद होता. आपलं आडनाव उलटं करून तो 'प्रोफेसर केळफा' या नावाने प्रयोग करायचा. केळफा उलटं वाचा. हो, दादासाहेब फाळके! भारतीय चित्रपटाचा पाया घालणारा हा माणूस आधी जादूगार होता हे कळलं, की पडद्यावर देव प्रकट होतात आणि अदृश्य होतात, त्यामागचा हात ओळखू येतो.

छंद सुरू करायला पैसा फार लागत नाही, नजर लागते. हँडबिलावर 'आज रात्रौ ९ वाजता' असं मोठ्या अक्षरात असतं, पण साल नसतं. ते आपण काढायचं. तिकिटाचा दर आण्यांत असेल तर कागद बहुधा १९५७ च्या आधीचा. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ या काळातला, कारण १९६४ मध्ये 'नये' हा शब्द गळला. 'मुंबई राज्य' असा उल्लेख असेल तर १ मे १९६० पूर्वीचा. पत्त्यात नुसतं 'पुणे २' असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचा, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर नक्की नंतरचा, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला.

जुन्या बाजारात नकलाही मिळतात. साधं भिंग जवळ ठेवा. रंगीत चित्रात नीट रांगेतले बारीक ठिपके दिसले तर शिळाछापाची ती नंतर काढलेली नक्कल समजा. खऱ्या शिळाछापात खडूने रेखाटल्यासारखा अनियमित रवा दिसतो.

कागद हाती आला की त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घडी उलगडून सपाट ठेवा, उन्हापासून दूर. आणि मागे पेन्सिलीने दोन ओळी लिहा: कुणाकडून मिळाला, कुठल्या गावी, त्यांना काय आठवतं. ही माहिती नसेल तर संग्रह म्हणजे नीट रचलेली रद्दीच. छायाचित्रं काढून दुसऱ्या घरीही ठेवा. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत गेला. हुदिनीची जलपेटी जपून ठेवली होती, तीही १९९५ साली नायगाराच्या संग्रहालयात जळाली.

एक पेच मात्र या छंदात आहे. पेटारा हाती आला की त्यातला चोरकप्पाही हाती येतो. तो जगाला दाखवायचा का? मला वाटतं, नाही. आजही शाळांतून, गणेशोत्सवातून प्रयोग करून पोट भरणारे कलावंत आहेत. उघडी पडलेली युक्ती म्हणजे त्यांच्या ताटातला घास. पण युक्ती अजिबात नोंदवली नाही, तर पन्नास वर्षांनी तो नुसता लाकडी खोका उरेल. म्हणून ती लिहून, पाकिटात बंद करून, कलावंताच्या घरच्यांच्या संमतीने ठेवावी. वस्तू सर्वांनी पाहावी, किल्ली जाणत्याच्या हाती राहावी.

९ एप्रिल १९५६ ला पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर एका मुलीला करवतीने कापून दाखवलं आणि वेळ संपल्यामुळे कार्यक्रम तिथेच थांबला. मुलगी खरोखर मेली, असं समजून लोकांनी दूरध्वनी करून करून केंद्र हैराण केलं. ती धांदल आज आपल्याला कळते ती वर्तमानपत्रांमुळे. २०१० साली टपाल खात्याने सरकार यांच्यावर तिकीट काढलं. एखाद्या शाळकरी मुलाने संग्रहाची सुरुवात त्या तिकिटापासूनही करावी.

आपल्या पट्ट्यात मात्र वेळ थोडा आहे. जुनी घरं पाडून इमारती उठताहेत. घर पाडण्याआधी माळा रिकामा होतो, आणि आजोबांच्या ट्रंकेतले कागद किलोच्या भावाने जातात. शाळेच्या संमेलनाची पत्रिका, जत्रेतल्या तंबूचं हँडबिल, कारखान्याच्या स्नेहमेळाव्यातल्या जादूगाराचा फोटो, यांतलं काहीही त्यात असू शकतं. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे आणि दौती जमवल्या, म्हणून आज त्या संग्रहालयात दिसतात. जादूच्या कागदांना अजून तसा केळकर मिळायचा आहे.

तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी गठ्ठ्याची दोरी एकदा सोडा. आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा, 'तुम्ही जादूचा प्रयोग कुठे पाहिला होता?' ते जे सांगतील ते लगेच लिहून घ्या. ते मात्र कुठल्याच बाजारात मिळत नाही.