उपग्रहाची वाट पाहायची का?
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



मला पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला उभं केलं आहे. पण टँकरच्या आणि लिफ्टच्या आठवणी आधीच्या वक्त्यांनी सांगून टाकल्या. मी रेंजबद्दल बोलतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री दीडच्या सुमारास आमच्या हिला दम लागला. डॉक्टरांना फोन लावायचा, तर तळमजल्यावरच्या आमच्या बेडरूममध्ये रेंजची एक काडी नाही. अनवाणी गेटपर्यंत गेलो, भिजत फोन केला. ही आता ठणठणीत आहे, पुढच्याच रांगेत बसली आहे. पुढच्या सभेत मी गच्चीवरच्या टॉवरचा विषय काढला, तेव्हा आपल्यातलेच एक चिरंजीव म्हणाले, "काका, थोडं थांबा, आता उपग्रहावरून थेट मोबाईलला रेंज येणार आहे." टाळ्या पडल्या आणि विषय पुढे ढकलला गेला. म्हणून मी वाचायला बसलो. बँकेतला माणूस, आकडे तपासल्याशिवाय सही करत नाही.

उपग्रहाशी माझी ओळख तशी जुनी. खेड्यातल्या शाखेत असताना गच्चीवर व्हीसॅटची छत्री होती. तो उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर. संदेश प्रकाशाच्या वेगानं वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर यायला आणखी पाव. अशा उपग्रहावरून फोन केला की दोघं एकदम बोलतात आणि एकदम थांबतात, ते यामुळेच. शिवाय जोराचा पाऊस आला की लिंक जायची आणि काउंटरवर रांग लागायची. शिव्या मात्र कॅशियरला!

नवे उपग्रह बरेच खाली, पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात. तो उशीर जवळजवळ गेला. पण ते एका जागी थांबत नाहीत, काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातात, म्हणून ते पुष्कळ लागतात. आणि आपल्या खिशातला फोन बोलतो किती हळू! टॉवर समजा अर्ध्या किलोमीटरवर आणि उपग्रह पाचशे किलोमीटरवर. अंतर हजारपट झालं की संदेश दहा लाखपट क्षीण होतो. तो ऐकायला वर केवढा कान हवा! एप्रिल 2023 मध्ये एएसटी स्पेसमोबाईल या अमेरिकन कंपनीनं टेक्सासमधून साध्या फोनवरून, उपग्रहामार्फत, थेट जपानला कॉल लावून दाखवला. त्या उपग्रहाचा अँटेना 64 चौरस मीटर, म्हणजे आपल्या वन बीएचकेपेक्षा मोठा. त्याच कंपनीचा नंतरचा एक उपग्रह डिसेंबर 2025 मध्ये आपल्या इस्रोनं श्रीहरिकोट्याहून सोडला. त्याचा अँटेना 223 चौरस मीटर. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

पण हे सगळं उघड्या आकाशाखाली. आमच्या बेडरूमवर सात स्लॅब आहेत. सिमेंट आणि लोखंडी सळ्यांतून टॉवरचा जोरदार संदेश जेमतेम आत येतो, तिथे वरून आलेल्या त्या क्षीण संदेशाचं काय होणार? त्यात एका उपग्रहाखाली कित्येक किलोमीटरचा मुलूख येतो आणि आहे ती क्षमता तेवढ्या सगळ्यांत वाटायची. शहराच्या गर्दीला ती कशी पुरावी? ही सोय आहे ती घाटात अडकलेल्या ट्रेकरसाठी, खोल समुद्रात गेलेल्या होडीसाठी, पुरात टॉवर पडलेल्या गावासाठी. त्यांच्यापर्यंत ती यावीच, आणि लवकर यावी.

आपला उपाय घरातच आहे. बहुतेकांकडे ब्रॉडबँड आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' असतं, ते चालू करायचं. मग तुमच्याच नंबरवरून, नेहमीसारखा लावलेला कॉल घरच्या वाय-फायवरून जातो. वेगळं ॲप लागत नाही. नातवानं मला दोन मिनिटांत करून दिलं. वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर घ्या. हे मी एकदा फसून शिकलो.

टॉवर हवा की नको, या वादात आज शिरत नाही, बाहेर पानं वाढली आहेत. फक्त उपग्रहाच्या भरवशावर तो विषय आणखी पुढे ढकलू नका.

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी क्लब हाऊसमध्ये बसेन. तळमजल्यावरच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या मंडळींनी तर नक्की या, फोन घेऊन. आणि चष्माही आणा.