परतीचा दिवस



गेल्या मार्गशीर्षात आम्ही पुण्याहून सहकुटुंब मोटारीने कोल्हापुरास जाऊन आलो. वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा दावा चालू असल्याने धाकट्या बंधूंशी आमचे नऊ वर्षे बोलणे नव्हते. मुलांच्या आग्रहास्तव एका गाडीत बसलो खरे. परंतु अंबाबाईपुढेही उभे राहिलो ते निरनिराळेच!

परतीच्या दिवशी कऱ्हाडास प्रीतिसंगमावर थांबलो. कृष्णा व कोयना दोन्ही महाबळेश्वरी उगम पावतात, आणि येथे समोरासमोर येऊन मिळतात व पूर्वेकडे वळतात. नातीने विचारले, "आजोबा, एका डोंगरातल्या ना या? मग इतकी वर्षे वेगळ्या का वाहिल्या?" जन्मभर भूगोल शिकविलेल्या आम्हांस उत्तर सुचेना. तोच बंधूंनी शिदोरीतील दशमी पुढे केली. म्हणाले, "दादा, सकाळपासून उपाशी आहात." आम्ही ती घेतली. पुढे पुण्यापर्यंत उभयतां आईच्या आठवणी काढीत आलो.

दुसऱ्याच दिवशी दावा काढून घेण्याचा अर्ज आम्ही वकिलांकडे दिला. ज्ञातीतील ज्या घरांत असा अबोला असेल, त्यांनी प्रवासाची वाट पाहू नये, एवढेच विनवून आपली रजा घेतो.