सातबाऱ्यावरचा गेनीसर

आजचा शब्द जर्मन आहे: गेनीसर. म्हणजे घाई न करता, चवीचवीनं सुख घेणारा माणूस. पोह्यांची एक प्लेट अर्धा तास पुरवणारा. आपण त्याला रसिक म्हणतो, आणि तो आपल्याच घरातला असला तर वैतागून 'शौकीन'!

मी साताऱ्यात राहून ऑनलाइन जर्मन शिकतोय. हा शब्द 'गेनीसन' या क्रियापदावरून आला. आजचा अर्थ आस्वाद घेणं. पण फार जुना अर्थ होता पकडणं, हाती आलेलं वापरणं. सोबत्यासाठीचा 'गेनॉसे' हा शब्दही याच कुळातला. ज्यांची गुरं एकत्र चरतात, ते सोबती. त्यावरून सहकारी संस्था म्हणजे 'गेनॉसनशाफ्ट'. जर्मनीत रायफायझन यांनी उभ्या केलेल्या अशाच पतसंस्थांचा नमुना समोर ठेवून आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आपल्या गावची 'सोसायटी' त्याच वंशातली.

मागच्या महिन्यात सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरी गेलो होतो. पीककर्जासाठी अण्णांचा सातबारा मोबाईलवर काढला. त्यावर लिहिलेलं: भोगवटादार वर्ग १. मी थबकलोच. हा शब्द शेकडो वेळा पाहिला होता, पण वाचला नव्हता. संस्कृत 'भुज्' धातूत खाणं, वापरणं, उपभोगणं सगळं येतं. भोजन त्यातलंच, देवाला दाखवायचा भोगही. जमीन वापरतो तो भोगवटादार. म्हणजे सरकारी कागदावर माझे वडील गेनीसर!

अण्णांना सांगितलं, तर हसून म्हणाले, "भोगलंय की लेका, लई भोगलंय."

इथंच मराठी आणि जर्मनची वाट वेगळी होते. वापरण्यातून जर्मन शब्द सुखाकडे गेला. आपण सुखाचा 'उपभोग' घेतो, पण नुसतं 'भोगतो' ते बहुतेकदा दुःखच. शिक्षा भोगतो. भोग संपत नाहीत म्हणतो. उसाचं बिल आलं की अण्णांनी आधी सोसायटी फेडली, मग माझी फी भरली. स्वतःसाठी काय घेतलं, मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी एक ऊस मोडला, बुडख्याकडचा गोड तुकडा माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्या हातात दिला. बांधावर बसून त्यांनी तो सावकाश खाल्ला.

तुमच्या घरच्या भोगवटादारानं शेवटचं असं निवांत कधी खाल्लं? विचारा, आणि मला व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात!