विषारी वायूच्या संकटात बचावकर्त्याचे संरक्षण
(भाषणाचा मजकूर)



जुन्या विहिरीत उतरलेला मनुष्य हाकेला ओ देत नाही, म्हणून दुसरा उतरतो. तोही वर येत नाही, म्हणून तिसरा उतरतो. अशा बातम्या आपण वारंवार वाचतो. या माणसांच्या धैर्यात काही उणे नसते. उणी असते ती श्वासास योग्य हवा. म्हणून धावून जाणाऱ्याचा श्वास प्रथम सुरक्षित झाला पाहिजे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

हा धोका केवळ विहिरीतच असतो असे नाही. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरीन वापरतात. १९८४ साली २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू पसरला आणि कारखान्याबाहेरच्या झोपलेल्या वस्तीतील हजारो माणसे प्राणास मुकली.

नाकावर बांधलेला रुमाल वायू अडवीत नाही. गाळणीचा मुखवटा ठरावीक वायू ठरावीक प्रमाणापर्यंतच शोषून घेतो. प्राणवायू तो निर्माण करीत नाही. मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांखाली गेल्यास अशा मुखवट्यावर विसंबता येत नाही. म्हणूनच अग्निशमन दलाचे जवान पाठीवर शुद्ध हवेचा सिलिंडर घेतात. ही हवा साधारणतः अर्धा ते पाऊण तास पुरते, श्रमात त्याहून लवकर संपते. इशाऱ्याची शिटी वाजण्यापूर्वीच परतीस लागावे. दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर मुखवटा घट्ट बसत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

आगीसाठीचा पोशाख उष्णतेपासून रक्षण करतो, वायूपासून नव्हे. अमोनिया व क्लोरीन ओल्या त्वचेस भाजतात. त्यांच्या दाट वायूत शिरताना सर्वांग झाकणारा वायुरोधक पोशाखच हवा. आत जोडीने जावे. तशीच सज्ज जोडी बाहेर असावी. परतल्यावर पोशाख धुतल्यानंतरच मुखवटा उतरवावा.

ग्रामस्थांनी वायूच्या मार्गातून बाजूस होऊन वारा येतो त्या दिशेस जावे. क्लोरीन हवेहून सुमारे अडीचपट जड असल्याने सखल भागात थांबू नये. ११२ क्रमांकावर त्वरित कळवावे. शिक्षकांनी हे मुलांकडून वदवून घ्यावे. अधिकाऱ्यांनी साधनांची वेळोवेळी तपासणी करावी.

विहिरीत दोर जरूर सोडावा, परंतु साधनांवाचून कोणी उतरू नये. काठावर दुसऱ्याचा हात धरून त्यास थांबविणे, हेही एक जीव वाचविणेच आहे.